पेशीतली वीज आणि पोटॅशियमचा आकडा

मूत्रपिंडाचा जुना विकार असलेल्या एखाद्या गृहस्थाची रक्ततपासणी होते आणि रिपोर्टमध्ये पोटॅशियम ६.८ येते. गृहस्थ स्वतःच्या पायांनी चालत दवाखान्यात आलेले असतात, सकाळचा चहा-पोहेही झालेले असतात. फार तर ‘दोन दिवस पायांत बळ नाही’ एवढीच तक्रार असते. डॉक्टर मात्र रिपोर्ट पाहताच ईसीजी काढायला लावतात, सलाईन सुरू करतात आणि जिल्ह्याच्या ठिकाणी हलवायची भाषा करू लागतात. नातेवाईक गोंधळतात. साखर चारशे झाली तर घाबरावे हे सर्वांना ठाऊक आहे. पण पाचाच्या जागी पावणेसात झाले, त्यात एवढे काय मोठे? हा प्रश्न मला अनेकांनी विचारला आहे, आणि तो विचारणाऱ्यांचे काहीच चुकत नाही. त्याचे खरे उत्तर मूत्रपिंडात नसून आपल्या प्रत्येक पेशीत असलेल्या विजेत आहे. आजचा लेख त्यामुळे नेहमीपेक्षा थोडा जड होईल. वाचकांनी सावकाश वाचावा.

आपण जेवणातून जे क्षार घेतो ते शरीरातील पाण्यात विरघळले की त्यांचे विद्युतभार असलेले कण होतात. सोडियम आणि पोटॅशियम हे दोन्ही धन भाराचे कण. रसायनशास्त्राच्या दृष्टीने ते भावंडेच; पण शरीराने त्यांना अगदी वेगवेगळ्या ठिकाणी राहायला दिले आहे. पेशीच्या आत एका लिटरमागे सुमारे १४० मिलिमोल पोटॅशियम असते, आणि बाहेर, म्हणजे रक्तद्रवात, ते असते जेमतेम ३.५ ते ५. सोडियमचे नेमके उलटे : बाहेर १४० च्या आसपास आणि आत दहा-पंधरा. शरीरातील एकूण पोटॅशियमपैकी सुमारे ९८ टक्के पेशींच्या आत असते. आपण रक्तात मोजतो तो उरलेला दोन टक्क्यांचा भाग. म्हणून त्या रिपोर्टमधला आकडा लहान दिसतो आणि म्हणूनच तो नाजूक असतो. मोठ्या कोठारातून पसाभर धान्य सांडले तर कोठाराला फरक पडत नाही, पण अंगणात ते लगेच दिसते, तसे हे आहे.

ही विभागणी आपोआप टिकत नाही. पेशीचे आवरण स्निग्ध पदार्थांचे असते. त्यातून हे कण सहज जात नाहीत, पण थोडी गळती सतत चालूच असते. ती उपसण्यासाठी प्रत्येक पेशीच्या आवरणात लाखो सूक्ष्म पंप बसवलेले आहेत. डेन्मार्कचे येन्स स्काऊ यांनी १९५७ मध्ये खेकड्याच्या मज्जातंतूंवर काम करताना हा पंप शोधून काढला. त्यासाठी त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले ते थेट १९९७ मध्ये, चाळीस वर्षांनी! हा पंप एका फेरीत तीन सोडियम बाहेर टाकतो आणि दोन पोटॅशियम आत घेतो. प्रत्येक फेरीला एटीपी नावाच्या इंधनाचा एक रेणू खर्च होतो. आपण नुसते पडून असतो तेव्हाही शरीराच्या एकूण ऊर्जेचा सुमारे पाचवा हिस्सा या उपशावर खर्च होतो; मेंदूत तर हे प्रमाण निम्म्याच्या घरात जाते. भाकरीतली ऊर्जा हातापायांच्या कष्टांत जाते असे आपण समजतो, पण तिचा एक मोठा वाटा असा न दिसणाऱ्या कामावर जातो. मेंदूचा रक्तपुरवठा तुटला की काही मिनिटांत हे पंप बंद पडू लागतात, सोडियम आणि त्यामागून पाणी आत शिरते, पेशी सुजतात. पक्षाघाताच्या रुग्णाला ‘सकाळी बघू’ म्हणून रात्रभर घरी ठेवू नका असे आम्ही सांगतो, ते यासाठी.

हा पंप अडवणारे विष आपल्या कुंपणावर वाढते, हेही येथे सांगून ठेवतो. पिवळी कण्हेर, जिला काही भागांत बिट्टी म्हणतात, तिच्या बियांत असे द्रव्य असते जे नेमका हा पंप बंद पाडते. पोटॅशियम आत जाईनासे होते, रक्तात वाढते आणि हृदयाची लय बिघडते. मुले तिची फळे खेळायला घेतात. मुलाने बी खाल्ल्याची नुसती शंका असली तरी मीठपाणी पाजून उलट्या करवत बसू नये. सरळ रुग्णालय गाठावे. उलट्या थांबल्या, मूल खेळू लागले, म्हणूनही घरी आणू नये. हृदयावरचा परिणाम नंतरही दिसू शकतो.

आता वीज कशी निर्माण होते ते पाहू. पुष्कळ गाईडांत ‘पंपामुळे पेशीत वीज तयार होते’ असे एका वाक्यात उरकलेले असते. ते अर्धेच खरे आहे. पंप तीन बाहेर टाकतो आणि दोनच आत घेतो, त्यामुळे थोडासा दाब पडतो. पण मुख्य कारण वेगळे आहे. पेशीच्या आवरणात फक्त पोटॅशियमला जाऊ देणारी काही दारे विश्रांतीतही उघडी असतात. आत पोटॅशियमची गर्दी, बाहेर मोकळे मैदान. साहजिकच पोटॅशियमचे कण बाहेर पडू लागतात. पण ते जाताना आपला धन भार घेऊन जातात. त्यांचे जोडीदार, म्हणजे आतली प्रथिने आणि फॉस्फेटसारखे ऋण भाराचे मोठे रेणू, दारातून मावत नाहीत. ते आतच राहतात. परिणामी आतली बाजू ऋण होत जाते. आणि आत ऋण भार साचू लागला की तोच बाहेर निघालेल्या धन कणांना मागे ओढू लागतो. गर्दीचा रेटा बाहेर ढकलतो, विजेची ओढ आत खेचते. दोन्ही समसमान झाले की तेथे तोल साधतो. मज्जापेशीत हा तोल आत सुमारे उणे ७० मिलिव्होल्टवर साधतो, हृदयाच्या स्नायुपेशीत उणे ९० च्या जवळपास.

यासाठी किती कण बाहेर पडावे लागतात? एखाद्या मध्यम आकाराच्या पेशीत लाखामागे एक-दोन पुरतात. म्हणजे वीज निर्माण होताना कोठार रिकामे होत नाही. पंपाचे काम कोठार भरलेले ठेवण्याचे, आणि वीज निर्माण होते ती दारातून होणाऱ्या गळतीमुळे. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या की पुढचे सारे सोपे होते.

सत्तर मिलिव्होल्ट म्हणजे बॅटरीतल्या सेलच्या दीड व्होल्टचा एकविसावा भाग. ऐकायला क्षुल्लक. पण पेशीचे आवरण इतके पातळ आहे (एका मिलिमीटरच्या जाडीत अशी लाखाहून अधिक आवरणे मावतील) की त्या जाडीच्या हिशेबाने हा ताण सेंटिमीटरला सुमारे एक लाख व्होल्ट इतका पडतो. या ताणाखाली आवरणातली दुसरी दारे कान टवकारून बसलेली असतात.

ही दुसरी दारे म्हणजे सोडियमची. विश्रांतीत ती बंद असतात. बाहेरून एखादा संदेश येऊन आतला ऋण दाब उणे ७० वरून उणे ५५ च्या आसपास आला की ती खटकन उघडतात. बाहेर थोपून राहिलेले सोडियम आत घुसते आणि क्षणात आतली बाजू ऋणाची धन होते. मग दोन गोष्टी घडतात. सोडियमची दारे नुसती मिटत नाहीत, त्यांना जणू कुलूप लागते. आणि पोटॅशियमची जादा दारे उघडून धन भार बाहेर जातो व पेशी पूर्वपदावर येते. मज्जातंतूत हा सारा खेळ एका सेकंदाच्या हजाराव्या-दोन हजाराव्या भागात आटोपतो. एका जागी तो घडला की शेजारच्या जागेची दारे उघडतात, तिच्या पुढची, आणि अशी लाट तंतूभर धावते. विस्तवावर पाय पडल्याची खबर मेंदूपर्यंत जाते ती अशी.

हे सारे प्रत्यक्ष मोजले गेले ते माकुळावर. आपल्या किनाऱ्यावरच्या बाजारात मिळणाऱ्या या जलचराच्या अंगात एक मज्जातंतू इतका जाड असतो की तो नुसत्या डोळ्यांनी दिसतो. इंग्लंडमध्ये प्लिमथ येथे ॲलन हॉजकिन आणि अँड्र्यू हक्सली यांनी १९३९ मध्ये त्या तंतूच्या आत बारीक विद्युताग्र सरकवले. तोपर्यंत समज असा होता की संदेश जाताना आतला ऋण दाब नुसता शून्यावर येत असेल. त्यांना दिसले की तो शून्य ओलांडून धन बाजूला जातो. तेवढ्यात महायुद्ध सुरू झाले आणि काम थांबले. युद्धानंतर पुन्हा हाती घेऊन १९५२ मध्ये त्यांनी संपूर्ण गणित मांडले. १९६३ मध्ये त्यांना नोबेल मिळाले.

सोडियमच्या कुलपाचे महत्त्व पटवायला दोन नेहमीचे अनुभव पुरेत. दात काढताना हिरडीत लिग्नोकेनचे इंजेक्शन देतात. ते सोडियमची दारे अडवून धरते. संदेशच निघत नाही, म्हणून वेदना कळत नाही. उलट, कोकणातला लाल विंचू चावला की त्याचे विष सोडियमच्या दारांना वेळेवर कुलूप लागू देत नाही. मज्जातंतू थांबेचनात, सारख्या संदेश सोडत राहतात. रुग्णाला दरदरून घाम येतो, हातपाय थंड पडतात, रक्तदाब भडकतो आणि फुफ्फुसांत पाणी होऊ शकते. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी १९८० च्या दशकात प्राझोसिन या रक्तदाबाच्या गोळीचा अशा रुग्णांवर उपयोग दाखवून दिला आणि विंचूदंशाने होणारे मृत्यू खूपच कमी झाले. ती गोळी दारांना हात लावत नाही. उठलेल्या वादळाचा रक्तवाहिन्यांवर होणारा मारा ती अडवते.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. बाहेरचे पोटॅशियम वाढले तर काय होईल? आतली गर्दी १४० च आहे, पण बाहेरचे मैदान पूर्वीइतके मोकळे राहिले नाही. बाहेर पडण्याचा रेटा कमी होतो आणि पेशी पुरेशी ऋण होत नाही. पोटॅशियमचा तोल कुठे साधतो याचे गणित जर्मनीच्या वाल्थर नेर्न्स्ट यांच्या सूत्राने करता येते. बाहेर ४ असेल तर तो उणे ९४ मिलिव्होल्टवर येतो. बाहेर ७ झाले तर उणे ७९ वर. कोठारातला माल तितकाच आहे, पण बाहेरच्या तीन आकड्यांनी पंधरा मिलिव्होल्ट खाल्ले! आतल्या १४० चे १४३ झाले असते तर काही कळलेही नसते. फरक आकड्यांच्या वजाबाकीने पडत नाही, आत-बाहेरच्या पटीने पडतो, आणि बाहेरचा आकडा लहान असल्यामुळे ती पट झटकन बदलते.

या पंधरा मिलिव्होल्टचा फटका हृदयाला बसतो. सोडियमच्या दारांचे कुलूप पेशी पुन्हा पुरेशी ऋण झाल्याखेरीज निघत नाही, हे लक्षात घ्या. पेशी अर्धवटच सावरली तर काही दारे कुलूपबंदच राहतात. मग विजेची लाट हृदयातून संथपणे, अडखळत सरकते. ईसीजीत आधी एक उंचवटा तंबूसारखा टोकदार होतो, पुढे ठोक्याची रेघ रुंद होत जाते, आणि शेवटी हृदय थांबू शकते. यातली वाईट गोष्ट ही की छातीत दुखत नाही, ताप येत नाही. पायांतला अशक्तपणा, मुंग्या, एवढ्याच खुणा. पुष्कळदा त्याही नाहीत. म्हणून माणूस चालत आला आहे याचा डॉक्टरांना दिलासा वाटत नाही.

उपचारांबाबतही गैरसमज होतात. पहिले इंजेक्शन बहुधा कॅल्शियम ग्लुकोनेटचे असते. त्याने पोटॅशियम एका अंशानेही उतरत नाही. ते काही मिनिटांत हृदयाच्या पेशींना सावरून धरते, पण अर्धा-पाऊण तासच. मग ग्लुकोजबरोबर इन्सुलिन देतात. येथे नातेवाईक हमखास विचारतात, ‘यांना मधुमेह नाही, मग इन्सुलिन कशाला?’ कारण इन्सुलिन आपल्या त्या पंपाला चालना देते आणि रक्तातले पोटॅशियम पेशींत ढकलले जाते. ग्लुकोज असते ते साखर घसरू नये म्हणून. दम्याच्या रुग्णाला देतात ती सालब्युटामॉलची वाफही याच कामी येते. पण हा सारा वेळ विकत घेण्याचा प्रकार आहे. पोटॅशियम फक्त अंगणातून कोठारात गेले. काही तासांनी ते पुन्हा बाहेर येईल. शरीराबाहेर ते जाते लघवीवाटे, काही औषधांनी शौचावाटे, नाहीतर डायलिसिसने. म्हणून ‘बरे वाटते आहे, आता घरी नेतो’ असा आग्रह त्या रात्री धरू नये.

मात्र प्रत्येक वाढलेला आकडा खरा असतोच असे नाही. रक्त काढताना दंडाला पट्टी फार वेळ आवळून ठेवली आणि रुग्णाला मूठ उघडझाप करायला लावली तर स्नायूंतले पोटॅशियम त्या नमुन्यात उतरते. नमुना हलवताना रक्तपेशी फुटल्या तरी तेच. लहान गावांतून नमुने शहरातल्या प्रयोगशाळेत जातात, तेव्हा रक्तद्रव वेगळा न करता बाटली तशीच तासन् तास राहिली, किंवा फ्रीजमध्ये ठेवली, तर थंडीने पंप मंदावतात आणि पोटॅशियम पेशींतून बाहेर गळते. रुग्ण धडधाकट, मूत्रपिंडे चांगली आणि आकडा सहा, असे असेल तर डॉक्टर पुन्हा ताजे रक्त मागतात. त्याला पैसे उकळणे म्हणू नये. पण मूत्रपिंडाच्या रुग्णाने ‘रिपोर्ट चुकला असेल’ असे स्वतःच ठरवून घरी बसणे हेही बरोबर नाही. ईसीजी दहा मिनिटांत निघतो, तो काढावा.

निरोगी माणसाने पोटॅशियमला भिण्याचे कारण नाही. केळी, शहाळे, पालेभाज्या, डाळी यांतून येणारे जादा पोटॅशियम चांगली मूत्रपिंडे बिनबोभाट बाहेर टाकतात. रक्तदाबाच्या दृष्टीने ते हिताचेच आहे. सावध राहायचे ते मूत्रपिंड अधू असलेल्यांनी, आणि अनेक वर्षे मधुमेह असून क्रिएटिनिन कधीच न तपासलेल्यांनी. अशा रुग्णांना रक्तदाबासाठी एनालाप्रिल, रॅमिप्रिल, लोसार्टन, टेल्मिसार्टन यांसारख्या गोळ्या असतात, किंवा स्पायरोनोलॅक्टोन असते. या गोळ्या उपयुक्त आहेत, पण त्या पोटॅशियम थोडे वाढवतात. त्या स्वतःच्या मनाने बंद करू नयेत. सुरू केल्यावर किंवा मात्रा वाढवल्यावर एक-दोन आठवड्यांत पोटॅशियम व क्रिएटिनिन तपासून घ्यावे. त्यावर कोणी गुडघेदुखीसाठी दुकानातून डायक्लोफेनॅक वा आयबुप्रोफेन आणून रोज घेऊ लागला, की मूत्रपिंडाचे उरलेसुरले बळही कमी होते.

‘कमी सोडियमचे मीठ’ म्हणून जी पाकिटे मिळतात त्यांच्याबद्दल स्पष्ट बोलले पाहिजे. त्यांत सोडियम क्लोराइडचा काही भाग काढून पोटॅशियम क्लोराइड घातलेले असते. चीनच्या ६०० खेड्यांत सुमारे २१ हजार लोकांवर, म्हणजे ज्यांना पूर्वी पक्षाघात झाला होता किंवा जे वयस्क असून रक्तदाबाचे रुग्ण होते अशांवर, केलेला मोठा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. पाऊण भाग सोडियमचे व पाव भाग पोटॅशियमचे मीठ वापरणाऱ्यांत पक्षाघाताचे प्रमाण १४ टक्क्यांनी कमी आढळले. जागतिक आरोग्य संघटनेनेही जानेवारी २०२५ मध्ये अशा मिठाची शिफारस केली. पण त्याच शिफारशीत मूत्रपिंडाचे रुग्ण, गर्भवती स्त्रिया आणि मुले यांना वगळले आहे, आणि पाकिटावरच्या जाहिरातीत ते मोठ्या अक्षरांत नसते. ‘बाबांना बीपी आहे’ म्हणून मुलगा प्रेमाने हे मीठ आणतो. बाबांचे क्रिएटिनिन तीन असते. घरात मूत्रपिंडाचा एकही रुग्ण असेल तर हे मीठ स्वयंपाकात वापरू नये. त्या रुग्णासाठी नेहमीचेच मीठ, पण मोजून आणि कमी. भाज्या चिरून भरपूर पाण्यात उकडून ते पाणी टाकून दिले तर पोटॅशियम बरेच कमी होते. शहाळे मात्र उकडता येत नाही. ते सोडूनच द्यावे.

उलट बाजूही थोडक्यात सांगतो. जुलाब-उलट्यांत पोटॅशियम शरीराबाहेर जाते. मग स्नायू लुळे पडतात, पोट फुगते, हृदयाची लय बिघडते. म्हणून जलसंजीवनीच्या पाकिटात लिटरमागे दीड ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड घातलेले असते. घरच्या मीठ-साखर-पाण्यात ते नसते. पाकीट मिळेपर्यंत घरचे पाणी जरूर द्यावे, पण मिळाल्यावर पाकीटच वापरावे.

शेवटी डायलिसिसवर असलेल्या कुटुंबांसाठी. आठवड्यातली दोन किंवा तीन डायलिसिस ज्या दिवशी असतात त्यांच्यात एक खंड मोठा असतो, आणि त्या खंडाच्या अखेरीस रक्तातले पोटॅशियम सर्वांत वर असते. लग्नकार्य, पाऊस, एस. टी. चा संप, काहीही कारण असो, नेमकी तीच पाळी चुकू देऊ नये. चुकलीच तर त्या दिवशी फळे, शहाळे, सुकामेवा, टोमॅटो बंद. पायांत बळ वाटेनासे झाले, ठोके चुकल्यासारखे वाटले, तर पुढच्या पाळीची वाट न पाहता ईसीजीची सोय असलेल्या जवळच्या दवाखान्यात जावे आणि ‘डायलिसिसचा पेशंट आहे, पाळी चुकली आहे’ हे वाक्य दारातच सांगावे.